वडार : शिरूर–दौंड भागातील खाणकाम व खोदकाम

वडार ही दगड फोडणे, माती खोदणे व विहिरी पाडणे यांवर निर्वाह करीत आलेली भटकी जमात होय. तिची बोली तेलुगूच्या वळणाची असून मूळ वसतिस्थान आंध्र–कर्नाटकाकडील मानतात. कामाच्या शोधात उत्तरेकडे सरकत तिच्या टोळ्या भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत आल्या.

शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. येथे विहिरीवाचून बागायत नव्हती आणि काळ्या पाषाणात विहीर पाडणे हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नव्हते. मुरूम कुदळ-पहारीने निघतो. खाली पाषाण लागला, की छिन्नी व घणाने भोक पाडून त्यात सुरुंगाची दारू ठासावी लागते. दगडाची शीर ओळखून घाव नेमका कोठे घालावा, हे ज्ञान वडाराचे. माती वडार गाढवांवरून माती वाहत, गाडी वडार फोडलेला दगड गाड्यांतून नेत, तर जाते वडार जाती-पाटे घडवीत. स्त्रियाही बरोबरीने राबत. मजुरीच्या हिशेबात मात्र त्यांचे श्रम क्वचितच वेगळे दिसतात.

मजुरी दिवसावर नसे, मापावर असे. खड्ड्यात मूळ उंचीचा मातीचा खुंट राखून खोली मोजत व ब्रास (१०० घनफूट) या एककाने हिशेब करीत. माप घेणारा ठेकेदाराचा माणूस. त्यातच उचल घेतलेली. वाद झाला तर निकाल कोणाच्या बाजूने लागे, हे सांगावयास नकोच.

बोरघाटाच्या रेल्वेकामावर (१८५६–६३) वडारांच्या टोळ्या होत्या. पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये, तर दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. खडकवासल्याचा उजवा कालवा दौंड तालुक्यातील पाटसपर्यंत आणला गेला. अशा कामांवर ज्यांचे कसब सरकारला हवे होते, त्यांच्यातीलच काही गटांवर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात वडारांचा समावेश विमुक्त जातींत होतो.

१९७२ च्या दुष्काळात शेतकरीही खडी फोडावयास बसले, तेव्हा या श्रमाची ओळख गावोगाव पटली. पुढे खोदयंत्रे व खडीयंत्रे आली आणि हातकाम आटले. पाट्याला टाकी लावून देण्याचे काम मिक्सर घरोघर पोहोचेपर्यंत टिकले.