वऱ्हाडची रोजची भाकर



महोत्सवाच्या प्रसंगी देवालयाचा, घंटेचा व धर्मगुरूंचा इतिहास लिहिला जातो. चुलीचा कोणी लिहीत नाही. तथापि प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोज भाकर मागतो, आणि वऱ्हाडात भाकर म्हणजे ज्वारीची. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या मागेपुढे अमरावती-अकोल्याकडील आपल्या वाडवडिलांच्या ताटात काय असे, त्याची ही अल्प नोंद.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. येथील आखूड धाग्याच्या कापसास व्यापारी अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. कापसाने रोकड येई. ज्वारीने घरच्यांचे व कडब्याने बैलांचे पोट भरे. १९४१ साली जपानशी व्यापार तुटला व या कापसाचे मोठे गिऱ्हाईक गेले. १९४२ साली ब्रह्मदेश पडून तेथील तांदूळ बंद झाला. १९४३ साली बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. धान्यावर सरकारी नियंत्रण आले. १९४५ साली युद्ध संपले. टंचाई संपली नाही. १९४७ च्या डिसेंबरात गांधीजींच्या आग्रहाने नियंत्रण उठू लागले, परंतु भाव भडकले आणि १९४८ साली ते पुन्हा घालावे लागले.

त्या काळी लहान असलेल्यांच्या तोंडून आम्ही जे ऐकले ते असे. सकाळी शिळी भाकर व मिरचीचा ठेचा. दुपारी अंबाडीची आंबट भाजी अथवा तुरीचे वरण. भाजी नसेल त्या दिवशी बेसन. सोबत जवसाची चटणी. रात्री पुष्कळदा ज्वारीच्या कण्या. गव्हाची पोळी नाताळास. शुक्रवारी मांस वर्ज्य असे. परंतु ज्या घरी ते क्वचितच शिजे, तेथे तो नियम पाळणे फारसे कठीण नव्हते. पाहुणा आला की भाकरी पातळ थापल्या जात, आणि पीठ सरले की शेजारणीकडून वाटीभर उसने येई.

पुढे परदेशाचे अन्न आले. कॅथोलिक रिलीफ सर्व्हिसेस ही संस्था १९४६ पासून भारतात काम करीत होती; १९५४ च्या अमेरिकन कायद्यान्वये मिळालेली दुधाची भुकटी व धान्य अशा संस्थांमार्फत गरिबांस वाटले जाई. त्यावरून, अन्नासाठी धर्म घेतला, असा टोमणा आपल्या लोकांनी ऐकला आहे. त्याचे उत्तर रागाने देऊ नये. जात-धर्म न पाहता द्यावे, असाच त्या मदतीचा नियम होता. शिवाय आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला, परंतु त्याआधीच, नागपूर धर्मप्रांताच्या काळात, वऱ्हाडात मिस्सा होत होती. ज्यांनी युद्धकाळची टंचाई सोसली, त्यांची श्रद्धा त्या भुकटीहून जुनी होती; आणि त्यांना तगविणारे पीठ बव्हंशी शेजारच्या घरचे होते. ते देणारी शेजारीण कोणत्या धर्माची, हे कोणी विचारीत नसे.

आज शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आहे, व गरिबाची भाकर गव्हाच्या पोळीहून महाग पडते. ते दिवस पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत. महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक घरातील मुलांनी आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या ताटाची हकीकत लिहून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. प्रभूने आपणांस 'माझी' भाकर मागावयास शिकविले नाही. 'आमची' मागावयास शिकविले. त्या शब्दाचा अर्थ आपल्या वाडवडिलांनी उसन्या वाटीने जाणला होता. त्यांचे स्मरण ठेवणाऱ्या सर्व घरांस प्रभू आशीर्वाद देवो.