कोशिंबिरीतल्या कुटाचे मूळ

परभणी-गंगाखेडकडे उन्हाने चाळिशी ओलांडली की जेवणाचा भार ताटाच्या डाव्या बाजूकडे सरकतो. भाकरी अर्धी कमी होते, कालवण पातळ होते आणि काकडीची कोशिंबीर, कैरी-कांद्याचा तक्कू, ताक यांवरच दुपार निभते. याच दिवसांत हल्ली शहरांतून एक नवे नाव ऐकू येते: जपानी पद्धतीचे ड्रेसिंग घातलेले सॅलड. काकडी किंवा पालक, त्यावर भाजून कुटलेले तीळ, सोया सॉस, तांदळाचा व्हिनेगर, चिमूटभर साखर. खाणाऱ्याला ते परदेशी वाटते आणि हलके, थंड म्हणून आवडतेही. माझे म्हणणे असे, की या पदार्थातली मुख्य युक्ती, म्हणजे भाजलेली तेलबी कुटून ती भाजीला चोळणे, मराठवाड्याला शिकवावी लागत नाही. जपानने या जागी तीळ ठेवला. आपल्याकडे तीळच होता, पण तो उठला आणि त्याच्या पाटावर शेंगदाणा बसला. आपल्या कोशिंबिरीचे जुने रूप पाहायचे असेल तर त्या जपानी वाडग्यात ते बरेचसे दिसते.

आधी युक्ती काय आहे ते नीट पाहू. काकडी चोचवली किंवा बारीक चिरली आणि तिला मीठ लावले, की पाचएक मिनिटांत तळाशी पाणी साचते. मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते. म्हणूनच घरोघरी कोशिंबिरीत मीठ अगदी पानावर बसताना घालतात, किंवा आधीच मीठ लावून काकडी पिळून घेतात. जपानी स्वयंपाकात या दुसऱ्या रीतीला ‘शिओमोमी’ म्हणतात, म्हणजे मीठ चोळणे. आता कूट घातले की दोन गोष्टी होतात. कोरडा चुरा सुटलेले पाणी धरून ठेवतो आणि कुटताना सुटलेले तेल प्रत्येक फोडीला चिकटते. त्या तेलामुळे लिंबू किंवा दही बोचत नाही, मीठही सगळीकडे सारखे लागते. कूट फार बारीक झाले तर त्याचा लगदा होतो, भरड राहिले तर दाताखाली येते पण पाणी धरत नाही. अर्धे बारीक, अर्धे भरड हे प्रमाण आपल्या खलबत्त्यालाही साधते आणि आतून खाचा पाडलेल्या जपानी ‘सुरिबाची’लाही. तिथे या प्रकाराला ‘गोमा-आए’ म्हणतात. गोमा म्हणजे तीळ. ‘आए’ ज्या क्रियापदावरून आले त्याचा अर्थ मसाल्यात कालवणे, घोळणे. मेथीचा, हरभऱ्याचा किंवा करडईचा कोवळा पाला बारीक चिरून त्यात तेल, तिखट, मीठ आणि कूट घालून हाताने घोळले, की आपण त्याला घोळाणा म्हणतो. दोन्ही नावे भाजीची नाहीत, हाताने करायच्या क्रियेची आहेत.

आता त्या पाटावर आधी तीळ होता असे कशावरून म्हणायचे? पहिली साक्ष भाषेची. आपण ज्याला तेल म्हणतो तो शब्दच संस्कृत ‘तैल’वरून आला, आणि तैल म्हणजे तिळाचे. ज्या बीच्या नावावरून सगळ्या तेलांना नाव मिळाले ती बी इथल्या स्वयंपाकात किती खोलवर रुजलेली असेल, हे वेगळे सांगायला नको. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत आणि तिळाची शेती भारतीय उपखंडातच सुरू झाली, याकडे वनस्पतिशास्त्राचा कौल झुकतो. याउलट ‘भुईमूग’ हा शब्द पाहा. भुईतला मूग. माणूस नवी वस्तू पाहतो तेव्हा तिला जुन्या ओळखीच्या वस्तूचे नाव जोडतो, तसे हे नाव आहे. ‘शेंगदाणा’ही तसाच, नुसता वर्णन करणारा. तमिळमध्ये तर भुईमुगाचे एक नाव ‘मणिलाक्कोट्टै’ असे आहे, म्हणजे मनिलाचे बी. पीक कोणत्या वाटेने आले त्याची आठवण त्या नावात राहिली. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय जहाजांनी समुद्र पालथे घातल्यावर तो आशियात आला आणि आपल्याकडे त्याचा पेरा मोठ्या प्रमाणावर वाढला तो एकोणिसाव्या शतकात. तो येण्याआधीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट असणे शक्यच नव्हते.

दुसरी साक्ष ग्रंथाची. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ. ती कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी शिवेवरचे. त्यात राजाच्या भोजनाचे जे वर्णन आहे, त्यात कैरी, केळे, फणस यांसारख्या कच्च्या फळभाज्यांना तीळ आणि मोहरी लावण्याची रीत येते. मोहरी आज फोडणीतून कोशिंबिरीवर पडते, तीळ मात्र निघून गेला. तिसरी साक्ष आजच्या ताटातच आहे. सणाच्या पानात डावीकडे वाढतात त्या चिंच-गुळाच्या पंचामृतात तिळाचे कूट अजून पडते. भोगीच्या भाजीत पडते. मराठवाड्यातल्या भरल्या वांग्यांच्या मसाल्यात तीळ आणि कारळ दाण्यांच्या शेजारी बसतात, आणि कारळाची, जवसाची, तिळाची कोरडी चटणी तर भाकरीसोबत रोज असते. रोजच्या आणि सोप्या पदार्थात बदल लवकर शिरतो, सणाचा पदार्थ मात्र जुनी रीत सोडत नाही. कोशिंबीर रोजची, म्हणून तिथे स्वस्त, मोठा आणि कुटायला सोपा दाणा आधी शिरला.

यावर हरकती येतील, आणि त्या रास्त आहेत. पहिली अशी, की कोशिंबिरीचे कन्नड भावंड ‘कोसंबरी’ आहे, नावावरूनच नाते कळते, पण तिच्यात कूट नसते. भिजवलेली मूगडाळ, काकडी आणि ओले खोबरे असते. मग कूट हा कोशिंबिरीचा मूळ भाग कसा? माझे उत्तर त्या खोबऱ्यातच आहे. खोबरेही तेलाचेच फळ. जिथे नारळ पिकतो तिथे खोवलेले खोबरे ते काम करते, जिथे कोरडवाहू काळी जमीन आहे तिथे तीळ, कारळ, जवस करतात. तेल देणारे जे काही त्या मातीत पिकते ते कच्च्या भाजीला लावायचे, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. दह्यातली कोशिंबीर याला अपवाद वाटेल, पण तिथे स्निग्धपणा दुधातून येतो. काम तेच राहते, फक्त ते करणारा पदार्थ बदलतो.

दुसरी हरकत घरातली मोठी माणसे घेतील, आणि ती मला सगळ्यांत वजनदार वाटते. तीळ उष्ण. तो संक्रांतीला खायचा, रथसप्तमीपर्यंत वाटायचा आणि मग डब्यात ठेवून द्यायचा. उन्हाळ्याच्या कोशिंबिरीत तिळाला जागा कशी? पण शेंगदाणाही पित्त वाढवणाराच मानला जातो, तरी वैशाखातल्या काकडीत तो निमूट चालतो. म्हणजे ऋतूचा नियम इथे बीवर लागू झालेला नाही, प्रमाणावर झालेला आहे. तिळगुळाच्या लाडवात मूठभर तीळ जातो. वाटीभर काकडीला चमचाभर कूट पुरते आणि त्याच्याबरोबर पाणी, लिंबू किंवा दही असते. तिसरी हरकत अशी, की दाण्याचे कूट उपवासालाही चालते, तेव्हा ते जुनेच असले पाहिजे. पण उपवासाला बटाटा चालतो, साबुदाणा चालतो, हिरवी मिरचीही चालते, आणि हे सगळे बाहेरून आलेले आहे. उपवासाच्या यादीत जागा मिळाली म्हणून वस्तू पुरातन ठरत नाही.

उलट बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. मी नाते सांगतो आहे, उसनवारी नाही. जपानने ही रीत मराठवाड्याकडून घेतलेली नाही, आपणही त्यांच्याकडून घेतलेली नाही. प्रवास झाला तो तिळाचा. चिनी आणि जपानी लिपीत तिळाचे नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्यातल्या पहिल्याचा अर्थ पश्चिमेकडचे परके लोक असा आहे. तीळ कोणत्या दिशेने आला ते त्यांच्या नावातच लिहिलेले आहे. शिवाय आज जे ‘जपानी ड्रेसिंग’ म्हणून बाटलीत मिळते ते जपानमध्येही फार जुने नाही. तिथे शेतीला मानवी मैल्याचे खत घालत, म्हणून कच्चा पाला खाण्याची रीत फारशी नव्हती. पालक उकडून पिळायचा आणि काकडीला मीठ चोळायचे, हीच जुनी पद्धत. कच्च्या पानांचे सॅलड दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले, आणि ‘क्युपी’ कंपनीने तिथे बाटलीबंद ड्रेसिंग बाजारात आणले ते 1958 मध्ये. जुने आहे ते कुटलेल्या तिळात भाजी घोळणे.

खरा फरक सोयाबीनमध्ये आहे, आणि तो परभणीत जास्त जाणवतो. सोया सॉससाठी सोयाबीन आणि गहू यांवर ‘कोजी’ नावाची बुरशी चढवतात आणि ते मिश्रण मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. त्यातून जी गडद, मुरलेली खारट चव येते तिला आपल्या कोशिंबिरीत जोड नाही. आपण आंबवतो ते दूध, डाळ-तांदळाचे पीठ. कडधान्य मिठात मुरवण्याची वाट आपण धरली नाही. आणि तेच सोयाबीन गेल्या तीन-चार दशकांत या जिल्ह्याच्या खरिपाचे मोठे पीक झाले. 18 मे 1972 रोजी परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस 71, एमएयूएस 158, एमएयूएस 612 हे सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. जिंतूर-सेलूच्या शिवारात पाऊस पडला की तेच पेरले जाते, आणि काढणीनंतर पोत्यांतून आडतीवर जाते. शेतात सोयाबीन आणि ताटात त्याचा मागमूस नाही, हे मला बोचते. तीळ तर शेताच्या कडेला, पाटा-दोन पाट्यांपुरता उरला.

म्हणून एक विनंती. या उन्हाळ्यात एकदा दोन काकड्या चोचवा, मीठ लावून दहा मिनिटे ठेवा आणि हलक्या हाताने पिळा. दोन चमचे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, कढई उतरवून निवू द्या आणि खलबत्त्यात अर्धेमुर्धे कुटा. खमंग वास सुटला आणि बत्त्याला तेलाचा ओलावा लागला की थांबा. काकडीत ते कूट, चिमूटभर साखर, अर्धे लिंबू, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. सोया सॉस असेल तर मीठ कमी करून अर्धा चमचा घाला, नसेल तर अडत नाही. हाताने घोळा आणि लगेच वाढा. दाण्याचे कूट त्या दिवशी डब्यातच राहू द्या.