रॉजर, कॉपी, ओव्हर: वॉकीटॉकीतून चॅटमध्ये आलेले शब्द

शेगावात प्रकटदिनाची गर्दी असते, तेव्हा बंदोबस्तावरच्या पोलिसांचे वॉकीटॉकी सतत खरखरत असतात. एक बोलतो, थांबतो, मग दुसरा बोलतो. आपण ग्रुपवर 'रॉजर', 'कॉपी दॅट' लिहितो, ते शब्द याच थांबण्यातून आलेत.

वॉकीटॉकी ही हाफ-डुप्लेक्स वस्तू आहे. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात. इथे बटण दाबून तुम्ही बोलत असाल तर त्या वेळी तुम्हाला समोरचं ऐकू येत नाही. दोघांनी एकदम बटण दाबलं तर तिसऱ्याला बऱ्याचदा नुसती शिट्टी किंवा खरखर ऐकू येते. म्हणून 'माझं झालं, आता तू बोल' हे सांगायला शब्द लागतो. तो म्हणजे 'ओव्हर'. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. आता सिनेमातला हिरो ऐटीत 'ओव्हर अँड आउट' म्हणतो, त्याचा अर्थ काय झाला? 'तू बोल, पण बोलू नको.' खरा ऑपरेटर असं म्हणत नाही.

'रॉजर'ची गोष्ट मोर्सपासून सुरू होते. संदेश मिळाला की तारवाले 'रिसिव्ह्ड'मधलं आर हे अक्षर पाठवायचे. पुढे रेडिओवर माणसं बोलू लागली, तेव्हा त्या काळच्या अक्षर-यादीत आरसाठी 'रॉजर' हे नाव होतं. १९५६ पासूनच्या यादीत आरचा 'रोमिओ' झाला, पण 'रॉजर' काही गेला नाही. 'कॉपी'सुद्धा मोर्समधलीच. टिकटिक ऐकत संदेश कागदावर उतरवून घेणं म्हणजे कॉपी करणं. (दहावी-बारावीच्या कॉपीशी याचा संबंध नाही!)

चॅटवर आपण एक घोळ मात्र नेहमी करतो. 'रॉजर' म्हणजे 'हो' नाही, फक्त 'ऐकलं'. सांगितलेलं करणार असाल तर 'विल्को', म्हणजे 'विल कम्प्लाय'. हा कीस काढण्यासारखा फरक वाटेल, पण २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर काय झालं ते बघा. दाट धुकं होतं. केएलएमच्या विमानातून 'आम्ही आता टेकऑफवर आहोत' अशा अर्थाचं अर्धवट वाक्य आलं. टॉवर म्हणाला, 'ओके', आणि पुढे 'टेकऑफसाठी थांबा'. त्याच क्षणी धावपट्टीवरच असलेल्या पॅन ॲमच्या विमानानेही बटण दाबलं. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर मुख्यतः शिट्टीच पोचली. दोन्ही विमानांची टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा नियम आला. परवानगी मिळाली की पायलटने ती शब्दशः परत म्हणून दाखवायची. नुसतं 'रॉजर' चालत नाही.

'मेडे' हा शब्द लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर १९२०च्या दशकात ठरला. तिथून पॅरिसकडे बरीच विमानं जायची, म्हणून फ्रेंचमधल्या 'मला मदत करा'सारखा वाजणारा शब्द निवडला. एसओएसमधला 'एस' खरखरीत नीट ऐकू येत नाही, हेही कारण होतं. तो तीनदा म्हणायचा असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर टाकलात तर हरकत नाही, खऱ्या रेडिओवर गंमत म्हणून कधीच नाही.

मराठीने मात्र रेडिओकडून वेगळाच माल उचलला. आपल्याकडे बोलणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त, त्यामुळे शब्दही ऐकणाऱ्याचे: 'आमची वेव्हलेंथ जुळते', 'त्यांचं ट्यूनिंग मस्त आहे', 'याला सिग्नलच पोचत नाही'. तांत्रिकदृष्ट्याही हे बरोबर बसतं. १०० मेगाहर्ट्झच्या एफएमची लहर साधारण ३ मीटर लांब असते. रिसीव्हर त्याच लहरीला लावला नाही, तर गाणं हवेत असूनही तुम्हाला खरखरच. 'रेंज नाही' हा त्यातला सगळ्यात नवा, मोबाइलने दिलेला.

हे वाचून वॉकीटॉकी घ्यायची खुमखुमी आली असेल तर आधी फ्रिक्वेन्सी बघा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट लायसन्सशिवाय चालतात, तेही मान्यताप्राप्त असतील तरच. बाकीच्या बहुतेकांना परवाना लागतो. हॅम रेडिओची परीक्षा मात्र वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते, आणि तिथली मंडळी निरोप घेताना 'बाय' नाही, '७३' म्हणतात.