घरातले कार्टे: भारूड ते चिंटू

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरस सोडून वेळापूरच्या मुक्कामाकडे येते, तेव्हा या टप्प्यावर भारूड होते. वारकऱ्यांमध्ये ते मानाचे भारूड समजले जाते. दिवसभर चालून आलेली माणसे गोल करून उभी राहतात, मध्ये कुणीतरी पदर खोचून बाईचे सोंग घेतो आणि हसण्याला सुरुवात होते. सोलापूर जिल्ह्यातले वेळापूर यादवकाळातल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. नवरा-बायको एकाच देवात मावली म्हणून ज्या गावाला भाविक येतात, त्याच गावाच्या वाटेवर नवरा-बायकोच्या भांडणाची सोंगे रंगावीत, हा योग मजेचा आहे.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी रचलेल्या भारुडांमधून मराठी घर विनोदाचा विषय होऊन लोकांसमोर उभे राहिले. भवानीला साकडे घालणाऱ्या सुनेचे भारूड त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय. तिला सासरा नको, सासू नको, जाऊ नको, शेवटी नवराही नको, आणि नणंदेचे किरकिरे पोर तर नकोच. त्याला खरूज व्हावी एवढीच तिची मागणी आहे. अध्यात्माच्या अंगाने ही सगळी नाती म्हणजे जिवाला चिकटलेले विकार. ऐकणारी बाई मात्र आधी स्वतःच्या घरासाठी हसते आणि अर्थाकडे मागाहून वळते. या घरात पोर आहे, पण त्याला नाव नाही आणि तोंडात वाक्यही नाही. ते रडते, एवढेच त्याचे काम. मराठी कौटुंबिक विनोदातल्या मुलाचा पुढचा प्रवास म्हणजे या बिननावाच्या पोराला नाव, आवाज आणि अखेर चेहरा मिळत जाण्याचा प्रवास आहे.

छापील विनोदाची सुरुवात घराबाहेर झाली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही पुरुषमंडळी समाजातल्या खुळांवर चर्चा करतात, घर असते ते बहुतेक पडद्यामागे. राम गणेश गडकऱ्यांनी बाळकराम या नावाने लिहिताना लग्न जमवण्याच्या खटाटोपातून घरात डोकावून पाहिले. घराचा दरवाजा सताड उघडला तो चिंतामण विनायक जोशी यांनी.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) पुण्याचे. नोकरी मात्र बडोद्याला. पेशाने ते पाली भाषेचे प्राध्यापक होते आणि बौद्ध वाङ्मयावर त्यांचे गंभीर लेखन आहे. असा माणूस फावल्या वेळात पुण्यातल्या एका कारकुनाची फजिती लिहीत बसला आणि लोकांच्या लक्षात तेवढीच राहिली. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’, ‘आणखी चिमणराव’ अशी पुस्तके येत गेली आणि चिमणराव व त्यांचा मावसभाऊ गुंड्याभाऊ ही जोडी घरोघरी ओळखीची झाली. एक किडकिडा, भित्रा आणि स्वतःला शहाणा समजणारा. दुसरा आडदांड, ब्रह्मचारी आणि हात उगारायला उतावीळ.

जोशींची खरी करामत कथा सांगणाऱ्याच्या निवडीत आहे. चिमणराव स्वतःच आपली गोष्ट सांगतात, आणि आपण हास्यास्पद झालो आहोत याचा त्यांना पत्ता नसतो. वाचकाला तो असतो. कुटुंबाची नावेही बघण्यासारखी आहेत. नवरा चिमण, बायको कावेरी पण हाकेला ‘काऊ’, मुले मोरू, राघू आणि मैना. घर कसले, पिंजराच तो. पेठेतल्या वाड्यात पाहुणे, आजारपण, लग्नकार्य आणि प्रवास यांतून या पाखरांचा जो गोंधळ उडतो, त्यात कुणी खलनायक नसतो. गाडी चुकते, निरोप उलटा पोचतो, सल्ला द्यायला नको तो माणूस सल्ला देतो; एवढ्यावर कथा भागते.

मुलांना इथे नावे मिळाली. पण हसे होते ते बापाचे. मोरू आणि राघू भर घालतात, मध्येच नको ते बोलून जातात, आणि कथा पुन्हा चिमणरावांकडे वळते. त्या काळात ते साहजिकही होते. एकत्र कुटुंबाचा सगळा भार कर्त्या पुरुषावर, म्हणून पडायचा तोही त्यानेच. जितकी पगडी मोठी तितके तिचे घरंगळणे मजेदार.

बोलपटांनी ही जोडी लगेच उचलली. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘लग्न पहावे करून’ १९४० मध्ये आला, ‘सरकारी पाहुणे’ १९४२ मध्ये. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. त्यानंतर जवळपास चार दशकांनी, १९७९ मध्ये, मुंबई दूरदर्शनवर त्यांची मालिका सुरू झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्यांनी पुस्तके वाचली नव्हती त्यांना या दोघांचेच चेहरे मूळ वाटू लागले, आणि कर्वे यांना पुढे आयुष्यभर लोक गुंड्याभाऊ म्हणून ओळखत राहिले.

चित्रातला विनोद निराळ्या वाटेने येत होता. दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली. हास्यचित्रे बहरली ती त्या परंपरेच्या आधाराने. अनंत अंतरकरांचे ‘हंस’ आणि ‘मोहिनी’, मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला ‘आवाज’ आणि त्यातली वाचकांना फसवणारी खिडकीची चित्रे, शि. द. फडणीस यांची शब्दावाचून बोलणारी रंगीत मुखपृष्ठे, वसंत सरवटे यांची धारदार रेषा: एवढी श्रीमंती असूनही या चित्रांतला मुलगा बहुधा नेपथ्यातच राहिला. आईच्या पदराला लोंबकळणारा, पाहुण्यांसमोर घरचे गुपित फोडणारा, दर चित्रात नवा आणि बिननावाचा. वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांना तर राजकारणातून सवड नव्हती. बाळ ठाकरे यांनी १९६० मध्ये काढलेल्या ‘मार्मिक’नेही तीच वाट रुंद केली.

रोज भेटणारे, त्याच नावाचे, त्याच केसांचे पात्र ही चित्रपट्टीची कल्पना परदेशातून आली, आणि तिकडे तिच्या मुळाशी वात्रट मुलेच होती. जर्मन चित्रकार विल्हेल्म बुश यांनी १८६५ मध्ये ‘मॅक्स आणि मोरिट्झ’ ही दोन उपद्व्यापी पोरांची सचित्र कथा छापली. तिच्यावरून रुडॉल्फ डर्क्स यांनी १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात ‘कॅट्झेनजॅमर किड्स’ सुरू केली. मार्च १९५१ मध्ये तर विलक्षण योगायोग घडला. अमेरिकेत हँक केचम यांचा डेनिस आणि ब्रिटनच्या ‘बीनो’ साप्ताहिकातला दुसरा डेनिस, एकमेकांची खबर नसताना, एकाच सुमारास जन्माला आले. केचम यांनी नाव घेतले ते स्वतःच्या मुलाचे.

मराठीत चित्रकथा म्हणजे दीर्घकाळ भाषांतर होते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ आणि मँड्रेक या परदेशी नायकांना मराठीत बोलते केले. अमर चित्रकथेने देव आणि राजे आणले. या पानांतून जंगल होते, राजवाडा होता, नव्हते ते सोसायटीच्या जिन्यावरचे घर. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. त्याचा पुढच्या घटनेशी कार्यकारण संबंध जोडता येणार नाही, पण जागा रिकामी होती हे खरे.

नोव्हेंबर १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मधल्या चित्रपट्टीत चिंटू अवतरला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर हे त्याचे निर्माते. रेषा पंडितांची, विषय आणि संवाद दोघांच्या बोलण्यातून ठरणारे. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये स्थापन केलेले हे दैनिक मध्यमवर्गीय पुण्याच्या घरात रोज सकाळी पडत होते. म्हणजे चित्रातले घर आणि चित्र ज्या घरात जाऊन पडे ते घर, दोन्ही जवळपास एकच. चिंतामण नावाचे लाडातले रूप चिंटू होते, हे चिं. वि. जोशींच्या वाचकाला गमतीचे वाटल्यावाचून राहणार नाही.

चित्रपट्टीचा आकार लहान: तीन-चार चौकटी, शेवटच्या चौकटीत कलाटणी. या आकाराने विनोदाची जात ठरवली. चिमणरावांची फजिती पानोपानी वाढत जाई. चिंटूला दात घासायच्या वेळेत आपली गोष्ट संपवावी लागते. म्हणून प्रसंग लहान: गृहपाठ राहिला आहे, पानात नको ती भाजी आली आहे, चेंडू शेजारच्या जोशी काकूंच्या खिडकीकडे गेला आहे, प्रगतिपुस्तकावर सही हवी आहे. पहिल्या चौकटीत आई प्रश्न विचारते, दुसरीत चिंटू निरागस उत्तर देतो, तिसरीत वडील मध्ये पडतात, आणि चौथीत त्या निरागसपणातला कावा उघडा पडतो. पुष्कळदा तो आई-वडिलांच्याच जुन्या वाक्यावर बेतलेला असतो. मोठ्यांनी उपदेश करावा आणि मुलाने तो शब्दशः पाळून त्यांना अडचणीत आणावे, हा चिंटूचा हातखंडा डाव.

इथे हसणे उलटे फिरले. चिमणरावांच्या घरात बाप सांगे आणि मुले ऐकत. चिंटूच्या घरात मुलगा बोलतो आणि बाप निरुत्तर होतो. घरच बदलले होते. वाड्यातला गोतावळा जाऊन आई, वडील आणि मुलगा एवढेच उरले. आजी-आजोबा आहेत, पण घरातला रोजचा कारभार या तिघांत चालतो. एकच मूल असल्यावर सगळ्या घराच्या नजरा त्याच्यावर, आणि त्याची नजर घरावर. गुंड्याभाऊची जागाही घराबाहेर गेली आणि ती पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, नेहा अशा कॉलनीतल्या सवंगड्यांत वाटली गेली. शेजार मात्र टिकला: जोशी काकू, गाणारा सतीशदादा, लहानगा सोनू. वाड्यातल्या शेजाराचे ते शेवटचे धागे म्हणावेत.

परदेशी भावंडांशी ताडून पाहिले तर चिंटूचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. केचम यांचा डेनिस शेजाऱ्याला हैराण करतो. १९८५ ते १९९५ या काळात बिल वॉटरसन यांनी रेखाटलेला केल्विन आपल्या कापडी वाघासह कल्पनेच्या राज्यात निघून जातो आणि मोठ्यांच्या जगावर तत्त्वज्ञाच्या थाटात ताशेरे झोडतो. चिंटू कॉलनीच्या फाटकाबाहेर फारसा जात नाही. तो खोड्या काढतो, पण घराची चौकट मोडत नाही. ओरडा खातो आणि जेवायला वेळेवर पानावर बसतो. हा त्याचा दोष म्हणता येईल. त्याच्या जगात गरिबी, जात, भांडणाचा खरा कडवटपणा यांना शिरकाव नाही, आणि खेड्यातल्या मुलाला त्या कॉलनीत आपले घर शोधावे लागते. पण रोज सकाळी चहाबरोबर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकाच कागदावर वाकायचे, तर एवढी सौम्यता त्या जागेचीच अट होती.

बोलीभाषेतही चिंटूला आयती जागा सापडली. ‘कार्टे’ ही मराठी आईची जुनी, रागाने सुरू होऊन मायेत विरघळणारी शिवी. ‘कार्टून’ हा इटालियनमधल्या जाड कागदाच्या नावावरून इंग्रजीत आलेला शब्द. दोघांचे नाते काही नाही, पण मराठी कानाने ते जुळवून टाकले आणि ‘आमचे कार्टून’ म्हणजे घरातला वात्रट मुलगा हा अर्थ रूढ झाला.

चित्रपट्ट्यांचे संग्रह छोट्या आडव्या पुस्तकांतून निघाले आणि सुट्टीतल्या प्रवासात मुलांच्या हाती दिसू लागले. पडद्यावर चिंटूला हाडामांसाचा करण्याचे काम श्रीरंग गोडबोले यांनी केले. ‘चिंटू’ हा चित्रपट मे २०१२ मध्ये प्रदर्शित झाला; सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे त्यात चिंटूचे आई-वडील होते. तीन-चार चौकटींच्या मुलाला पूर्ण लांबीची गोष्ट पुरवायची म्हणजे अडचण होती. ती सुटली मैदानाच्या आधाराने: मुलांची खेळायची जागा हातची जाते आणि ती परत मिळवण्यासाठी त्यांची धडपड सुरू होते. शहरे भरत गेली तशी मुलांच्या जगातून आधी मोकळी जागाच गेली होती, त्यामुळे हा विषय चिंटूच्या जगाबाहेरचा नव्हता. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ‘चिंटू २’ आला. त्यात मुलांना खजिन्याच्या शोधावर धाडले आहे. चित्रपट्टीतल्या चिमूटभर खोडीपासून तो खूपच दूर गेला.

कागदावरच्या चिंटूला मात्र वय नाही. १९९१ मध्ये आठ वर्षांचा असलेला वाचक चित्रपट आला तेव्हा एकोणतिसाव्या वर्षात होता; नोकरीला लागलेला, कदाचित स्वतःच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करायच्या वाटेवर. चिंटू तेव्हाही त्याच वर्गात होता आणि गृहपाठ तेव्हाही राहिलेलाच होता.