थंडाव्यात पातळ, अंगावर घट्ट

मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझा संबंध रमजानमधल्या चायना ग्रासपुरता. अम्मी ते उकळून दुधात घालायची, ताटात ओतायची, निवले की वड्या पाडायची. गरम असताना पातळ, गार झाले की घट्ट. जगाचा नियमच तसा आहे, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो.

१९७९ साली, मी तिसरीत असताना, अम्मीचा हात स्टोच्या भडक्यात कोपरापर्यंत भाजला. धुळ्यातले आमचे घर दोन खोल्यांचे. पट्टी बदलायच्या दिवशी अब्बा आम्हा भावंडांना बाहेर पिटाळत. जाळीची पट्टी जखमेला चिकटून बसे. पाणी मारून मारून ती सोडवावी लागे, आणि तिच्याबरोबर नवी आलेली कातडीही निघे. अम्मीचा आवाज गल्लीपर्यंत यायचा.

पुढे वाचनात आले, की त्याआधी सात वर्षे, १९७२ साली, अमेरिकेत आयर्विंग श्मोल्का या रसायनतज्ज्ञाने भाजलेल्यांसाठीच एक जेल सुचवले होते. ‘प्लुरॉनिक एफ-१२७’ हे पॉलिमर थंड पाण्यात वीस टक्के किंवा थोडे जास्त विरघळवायचे. फ्रिजमध्ये ते पातळ राहते, अंगाच्या उबेला आले की घट्ट होते. काढायचे तर गार पाण्याने धुवायचे, ओढाओढ नाही. चायना ग्रासच्या अगदी उलट! या रेणूची दोन्ही टोके पाण्याची दोस्त. मधला भाग मात्र गारव्यातच पाणी सोसतो. ऊब वाढली की मधले भाग पाण्याला पाठ फिरवून एकमेकांना बिलगतात, त्यांचे बारीक गोळे होतात, आणि ते दाटीने बसले की द्रावण हलेनासे होते. दोषही आहे. शरीरातल्या ओलाव्याने हे जेल लवकर विरघळते.

पाणी धरणाऱ्या पॉलिमरची देहाशी ओळख त्याहून जुनी. चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये ती करून दिली. १९६१च्या नाताळात विख्तर्ल्यांनी तर मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून घरीच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. आशिष लेले, डॉ. रघुनाथ माशेलकर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा जेलमधल्या हायड्रोजन बंधांचा हिशेब समीकरणांत मांडला. आमच्या शिरपूरच्या आर. सी. पटेल संस्थेतही नाकात घातल्यावर घट्ट होणाऱ्या औषधांवर काम झाले आहे.

पण मला सर्वांत भावले ते जपानचे तेरुओ ओकानो. त्यांच्या बशीच्या तळाला असाच एक पॉलिमर असतो. उबेत पेशी तिथे चिकटून वाढतात. बशी ३२ अंशांखाली गार केली की पेशींचा अख्खा पडदा न फाटता सुटतो. २००४ मध्ये जपानमधल्या चार रुग्णांच्या डोळ्यांवर त्यांच्याच तोंडातल्या पेशींचे असे पडदे बसवल्याचे प्रसिद्ध झाले. न फाटता! मी ते वाक्य दोनदा वाचले.

आता खानदेशची गोष्ट. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला टेकतो. श्मोल्कांचे वीस टक्क्यांचे जेल पंचवीस अंशांच्या आसपासच बसू लागते, म्हणजे आमच्याकडे ते बाटलीतच बसणार. माझ्या मेव्हण्याचे तिथे औषधांचे दुकान आहे. त्याला मी हे सगळे उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, “भाईजान, आधी हे सांगा, लाइट गेल्यावर ते ठेवू कुठे?”