नाताळची सुई

मंडळी, चौकसारख्या गावात सुईची ओळख करून द्यायला नको. जुन्या लुगड्यांना धावदोरा घालून गोधडी शिवणाऱ्या आज्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. आज आपण नाताळच्या सुईबद्दल बोलू.

‘नाताळ’ हा शब्दच मुळात पोर्तुगीज, आणि बरं का, आपली ‘फीत’सुद्धा तिकडचीच. आधी शब्द समुद्रावरून आले. एकोणिसाव्या शतकात पेट्या आल्या. इंग्लंड-अमेरिकेत चर्चमधल्या बायका एकत्र बसून कपडे, बाहुल्या शिवायच्या आणि मिशनच्या शाळांना धाडायच्या. नाताळात त्या मुलींना वाटत. इकडे त्याच शाळांत वाचनाच्या जोडीनं शिवण नि भरतकाम शिकवलं जाई.

आता प्रश्न असा, की सुई बाईला घरात बसवते की पायावर उभी करते? आम्हाला वाटतं, ते सुई कुणासाठी चालते यावर ठरतं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली केडगावला आणल्या. तिथं मुक्ती मिशनमध्ये शिवण, विणकाम, छपाई, शेती असं सगळं शिकवलं. पुढं १९०९मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं, तिथंही शिवणाचे वर्ग होतेच. धर्म निराळे, पण सुई तीच.

मिळालेल्या बाहुलीबद्दल आभार मानावे लागतात. स्वतः शिवलेल्या झबल्याची मात्र मजुरी मागता येते. आपण इतिहासात दात्यांची नावं जपली, टाके घालणाऱ्या मुलींची नाही. तेव्हा यंदा नाताळात कुणी हातानं भरलेला रुमाल दिला, तर आधी तो उलटा करून बघूया. मेहनत मागच्या बाजूला दिसते.