बंदुकीच्या चापाची कुळकथा

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर शाळकरी मुलं-मुली रोज त्या ठिपक्यावर नेम धरतात. नेम धरायला तशी ती लवकर शिकतात. अवघड असतं ते पुढचं: नेम न हलवता ट्रिगर दाबणं. रायफल चार-पाच किलोची, बोटाचा दाब शंभरेक ग्रॅमचा, तरी शॉट बिघडतो तो बहुधा बोटापायीच. म्हणून सरावलेला नेमबाज नवी रायफल हातात आली की नळीआधी ट्रिगर बघतो.

ट्रिगरच्या या इवल्याशा पात्याकडून माणसाने पहिल्यापासून दोन गोष्टी मागितल्या. नको तेव्हा बार उडू नये, आणि हवा तेव्हा अलगद उडावा. दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. ट्रिगरचा सगळा इतिहास या दोघींची समजूत काढण्यात गेला.

सुरुवातीच्या बंदुकीला ट्रिगर नव्हताच. एका हाताने नळी सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने पेटती वात नळीच्या कानाला, म्हणजे दारू पेटवायच्या भोकाला लावायची. नेमाकडे बघणार कोण? 1411च्या सुमाराच्या, व्हिएन्नात जपलेल्या एका हस्तलिखितात यावरचा तोडगा चितारलेला आहे. मधोमध खिळलेली एक वाकडी दांडी, वरच्या टोकाला पेटता तोडा, म्हणजे जळती वात, खालचं टोक हातात. खालचं टोक दाबलं की वरचं रंजकावर, म्हणजे कानावरच्या दारूवर टेकायचं. दोन्ही हात बंदुकीवर राहिले आणि नजर लक्ष्यावर.

तोड्याची बंदूक आपल्याकडे आली आणि मुक्कामालाच राहिली. तिच्यात नाजूक कमान नसे, त्यामुळे गावचा लोहारही ती दुरुस्त करी. तिचा चाप म्हणजे दस्त्याखालची लांब पट्टी. जितका चाप ओढावा तितकाच तोडा खाली येई. बोटाने थांबलं की तोही थांबे. धक्का नाही, झटका नाही. पण पावसात तोडा विझे, रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसे आणि दारूच्या पिशवीजवळ पेटती वात घेऊन वावरावं लागे.

खरी कलाटणी मिळाली ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रान्समध्ये. मारँ ल बूर्ज्वा या कारागिराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या चकमकीच्या बंदुकीत घोडा मागे ओढला की पोलादी कमान ताणली जाई आणि सियर नावाची छोटी अडकण त्याला खाचेत धरून ठेवी. चाप ओढला की अडकण खाचेतून निसटायची आणि बाकीचं काम कमान करायची. तोड्याच्या बंदुकीत बोट आग वाहून नेत होतं. इथे ते फक्त अडवलेली ताकद मोकळी करू लागलं. आजच्या ऑलिंपिक रायफलमधल्या यांत्रिक ट्रिगरचं तत्त्वही हेच आहे.

मराठी फौजांत ही बंदूक कवायती पलटणींबरोबर रुळली. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या. पुढे महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी आग्र्याच्या कारखान्यात त्या तयार होऊ लागल्या. कवायतीत शेकडो बंदुकांचे बार एका हुकमावर उडवायचे होते, आणि ओढाल तसा हळूहळू खाली येणारा तोडा तिथे उपयोगाचा नव्हता.

चकमकीच्या बंदुकीतही एक खोट उरली. घोडा पडणं, ठिणगी, रंजक आणि मग बार, यांत क्षणभर जायचा आणि तेवढ्यात उडता पक्षी हुलकावणी द्यायचा. शिकारीचा नाद असलेले स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी 1807 साली ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. त्यातून ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची बंदूक आली आणि टोपीतून काडतूस. घोडा सुटल्यापासून बार उडेपर्यंतचा वेळ एवढा घटला की बोटाची चूक झाकायला सबबच उरली नाही.

मग ट्रिगरचे दोन वंश झाले. एक शिपायाचा. धावपळीत, चिखलात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनीही बंदूक भलत्या वेळी उडू नये, म्हणून तो मुद्दाम जड ठेवला. जुन्या ली-एन्फिल्ड रायफलीत दाब दोन टप्प्यांत होता: पहिला तीन ते चार पौंडांचा, दुसरा पाच ते सहा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. एनसीसीत ज्यांनी रायफल हाताळली त्यांना 'पहिला दाब, दुसरा दाब' हा धडा आठवत असेल. याच वंशातली पुढची एक पिढी पुण्यात जन्मली. 1958 साली स्थापन झालेल्या आणि पाषाणला असलेल्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने इन्सास या लष्करी रायफलचा आराखडा केला. ट्रिगर दाबून धरला तरी तीन गोळ्यांनंतर थांबायचं, हा हिशेब तिथे यंत्रणेलाच शिकवला होता.

दुसरा वंश शिकाऱ्यांचा आणि नेमबाजांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी माउझर रायफली स्वस्तात मिळू लागल्या. त्यांची नळी उत्तम होती आणि ट्रिगर शिपायाचा, जड. ॲलन टिमनी यांनी 1946 साली अशा रायफलींसाठी वेगळे ट्रिगर बनवायला घेतले, आणि जुना काढून नवा बसवण्याचा मोठा धंदा उभा राहिला.

हलकेपणाच्या हौसेची किंमतही याच वंशाने मोजली. रेमिंग्टन 700 ही 1962ची रायफल तिच्या मऊ ट्रिगरसाठी वाखाणली गेली. त्या ट्रिगरमध्ये पातं आणि सियर यांच्या मध्ये एक सुटा तुकडा होता. तो मळ-गंजामुळे जागेवर परतला नाही तर बोट न लावताही बार उडू शकतो, असा आरोप होऊन वर्षानुवर्षं खटले चालले. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण अखेर लाखो रायफलींचे ट्रिगर बदलून देण्याची तडजोड झाली.

आपल्याकडे मात्र आवडला म्हणून मागवला आणि बसवला, असं चालत नाही. 1959च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही अग्निशस्त्राच्या व्याख्येत येतात. दुरुस्ती आणि फेरबदल करणाऱ्याला परवाना लागतो. 2016च्या नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवान्यातून सूट आहे. त्यामुळे पुण्यातल्या नव्या नेमबाजाचा ट्रिगरशी पहिला परिचय होतो तो एअर रायफलवरच.

स्पर्धेच्या एअर रायफलीत ट्रिगर सहसा बदलावा लागत नाही, लावून घ्यावा लागतो. आधी पात्याची जागा: तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग त्यावर सरळ टेकला पाहिजे, बोट लाकडाला घासता कामा नये. मग पहिल्या टप्प्याची लांबी आणि वजन, मग दुसऱ्याचं. दोन टप्प्यांमधली भिंत बोटाला स्पष्ट लागली पाहिजे. शेवटी शॉट सुटल्यावर पातं किती मागे जाईल ते ठरवणारा स्क्रू. पातं फार मागे गेलं तर त्या धक्क्याने नळी डळमळते. सगळं झालं की रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती कॉक करायची आणि दस्ता मॅटवर आपटून पाहायचा. अडकण निसटली तर ट्रिगर गरजेपेक्षा हलका झालाय.

ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादा नाही. एअर पिस्तुलाला मात्र 500 ग्रॅमची आहे आणि ती प्रत्यक्ष तोलून पाहतात: नळी उभी धरायची, ट्रिगरला वजन अडकवायचं आणि पिस्तूल वर उचलायचं. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तरच पिस्तूल पास. आता इलेक्ट्रॉनिक ट्रिगरही चालतात. त्यांत बोटाने फक्त स्विच दाबला जातो, सोडण्याचं काम वीज करते.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या, पुण्यात रेल्वेच्या नोकरीत असलेल्या आणि बालेवाडीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी ऑलिंपिक कांस्य मिळवलं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून अशा तीन अवस्थांत शरीर वेगवेगळं हलतं; बोटाचा दाब मात्र तिन्हीकडे सारखाच यावा लागतो. हे अंगवळणी पडतं ते सरावाने. त्यासाठीचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तेव्हा नव्या नेमबाजाने आणि त्याच्या आईवडिलांनी एवढं करावं. पहिलं वर्षभर ट्रिगर थोडा जडच ठेवावा आणि गोळी न घालता ड्राय शॉटचा सराव वाढवावा. सियरवर घरी कानस कधीही चालवू नये. फेरबदल करायचाच असेल तर जाणत्या आर्मररला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याला, सोबत घ्यावं आणि एका बैठकीत एकच स्क्रू फिरवावा, म्हणजे शॉट कशाने सुधारला आणि कशाने बिघडला ते कळेल.